कांदाटी खोरे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे, महाबळेश्वर तालुक्यातील दुर्गम खोरे. पश्चिमेला सह्याद्रीची धार, पूर्वेला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. शिंदी, वळवण, पर्वत, उचाट, अकल्पे ही यातली काही गावे.

खोरे तुटले ते डोंगरापेक्षा पाण्यामुळे. १९६० च्या दशकात धरण भरले आणि नदीकाठची शेते, वाटा पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून तालुक्याला जायचे तर पलीकडच्या काठावरच्या तापोळ्यापर्यंत लाँच, पुढे घाट चढून २५-३० किमी. जीप, मोटारसायकल तराफ्यावर चढते. दुसरी वाट रघुवीर घाटाची. ती शिंदीहून खोपीला, म्हणजे थेट रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात उतरते. म्हणून दाखला महाबळेश्वरचा आणि बाजार खेडचा, असा इथला उलटा संसार. पावसाळ्यात घाटात दरड आली की तीही वाट बंद. मीठ, तेल, रॉकेल, औषधे मे अखेरीस घरात भरून ठेवायची रीत त्यातूनच आली.

जलाशय जूनपासून भरत जातो आणि मे अखेरीस सर्वांत खाली असतो. अडचण दोन्ही वेळा. भर पावसात वारा सुटला की लाटांमुळे लाँच सोडत नाहीत. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, लाँच काठापासून लांब थांबते आणि मधला गाळ तुडवत जावे लागते. वरून सुकलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. आजाऱ्याला अशा वेळी घोंगडीची झोळी करून बांबूवर न्यायचे. दोघे खांद्याला, दोघे बदलीला.

शेती उतारावरची. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात नाचणीचे बी टाकायचे आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून लावायची. राब नीट भाजला नाही तर रोपाआधी तणच माजते. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळे, नंतर जमीन पडीक. सपाट खाचर असेल तिथे भात. दाणा भरताना गवे आणि रानडुकरे येतात. शेतातल्या माळ्यावर रात्रभर जागल्याशिवाय पीक हाती लागत नाही. त्यासाठी माणसे कमी पडतात, कारण तरणी मंडळी मुंबईत. कुलपे उघडतात ती शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात.

पर्वतचे जोम मल्लिकार्जुन मंदिर, चकदेवचे शिवमंदिर आणि महिमंडणगड यांसाठी गिर्यारोहक येतात. कोकणातून चकदेवला चढणारी शिडीची वाट पावसाळ्यात टाळावी. शिड्या आणि कातळ दोन्ही निसरडे होतात.