शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःसाठीच रक्तदान

सोलापूरच्या रुग्णालयांत धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर येथूनही रुग्ण येतात आणि रक्ताची पिशवी आणायला सांगितली की नातेवाइकांची धावपळ सुरू होते. खुब्याच्या सांधेरोपणासारखी शस्त्रक्रिया आगाऊ ठरली असेल, तर रुग्णाचेच रक्त आधी काढून रक्तपेढीत ठेवता येते. त्यावर नातेवाईक विचारतात, “आधीच आजारी माणूस, त्याचं रक्त आणखी कशाला काढायचं?” या रास्त प्रश्नाचे उत्तर मूत्रपिंडात आहे.

मूत्रपिंडातील विशिष्ट पेशींमध्ये एचआयएफ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते. परंतु ऑक्सिजन पुरेसा असेल, तर एक विकर (एन्झाइम) त्याच ऑक्सिजनचा वापर करून त्या प्रथिनावर हायड्रॉक्सिल गट बसवते, व्हीएचएल हे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि एचआयएफ काही मिनिटांत नष्ट होते. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी घटतात, ऑक्सिजन कमी पडतो, खूण बसत नाही, आणि वाचलेले एचआयएफ केंद्रकात शिरून एरिथ्रोपोएटिनचे जनुक चालू करते. हे संप्रेरक अस्थिमज्जेतील, एरवी मरून गेल्या असत्या अशा पूर्वपेशींना जगवते, आणि साधारण आठवडाभरात नव्या तांबड्या पेशी रक्तात उतरू लागतात. ऑक्सिजन ओळखण्याच्या या विलक्षण यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हिमोग्लोबिन थोडेच उतरले असेल, तर हा प्रतिसाद मंद असतो. शिवाय ३५० मिलिलिटरच्या पिशवीबरोबर सुमारे १५० मिलिग्रॅम लोह जाते, तर आहारातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. म्हणून डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, आणि बिटाच्या रसाने आठवड्यात रक्त भरून येते या जाहिरातींवर विसंबणे घातक आहे. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास सहसा रक्त काढत नाहीत, शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी घेतात, आणि रक्त गोठू न देणाऱ्या सीपीडीए द्रावणात ती ३५ दिवस टिकते.

दुसऱ्याच्या रक्ताबरोबर त्याचा स्वभाव येतो ही समजूत निराधार आहे. त्या भीतीपोटी हा मार्ग निवडू नये. दात्यांच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस व मलेरियासाठी तपासणी होत असल्याने या पद्धतीची गरज आता कमी झाली आहे, आणि पिशव्यांची अदलाबदल होण्याचा धोका स्वतःच्या रक्तातही उरतोच. परंतु १९५२ मध्ये मुंबईत प्रथम नोंदल्या गेलेल्या बॉम्बे या दुर्मिळ रक्तगटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. अशा रुग्णाने शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच रक्तपेढीशी बोलून घ्यावे.