शेतावरचा भोपळा महोत्सव

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे शरद ऋतूत, सप्टेंबरच्या अखेरीपासून ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणापर्यंत शेतावर भरणारा कौटुंबिक उत्सव. या दिवसांत शेतकरी आपले शिवार, गोठा आणि खळे शहरातल्या कुटुंबांसाठी खुले करतो. मुले वेलांमधून फिरत आपला भोपळा निवडतात, ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून शेताला चक्कर मारतात, मक्याच्या भूलभुलैयात वाट शोधतात आणि शेवटी सगळे मिळून सफरचंदाचा ताजा रस पितात. तिथली मराठी घरे याला सरळ ‘पंपकिन पॅचला जाणे’ म्हणतात. महोत्सव म्हटले तरी तो बहुतेक ठिकाणी चार-पाच आठवडे, मुख्यतः शनिवार-रविवारी चालतो. शहरालगतच्या कित्येक लहान शेतांचे वर्षाचे गणित या चार-पाच आठवड्यांवर बसते, कारण इथे भोपळ्याच्या जोडीने, खरे तर त्याच्याहून जास्त, शेतावर घालवलेला दिवस विकला जातो.

पूर्वपीठिका

भोपळा हे अमेरिका खंडाचेच पीक. मेक्सिकोतील ओआहाका राज्यात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या असून त्या लागवडीखालच्या भोपळ्याच्या आहेत, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले गेले. उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशॉनी आणि इतर मूलनिवासी समाज मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावत. मक्यावर घेवडा चढतो, घेवड्याच्या मुळांमुळे जमिनीला नत्र मिळते आणि भोपळ्याची रुंद पाने ओल धरून तण दाबतात. या तिघांना ते ‘तीन बहिणी’ म्हणतात. आजच्या महोत्सवात मका आणि भोपळा शेजारी शेजारी दिसतात, त्यांची सोबत इतकी जुनी आहे. शेतावरच्या माहितीफलकांवर या इतिहासाला मिळते त्याहून बरीच जास्त जागा मिळायला हवी.

दुसरा धागा आयर्लंडचा. तिथे हॅलोवीनच्या रात्री सलगम पोखरून, त्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवण्याची रीत होती. १८४० च्या दशकातील बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले. इथे त्यांना सलगमाहून कितीतरी मोठा आणि आतून पोकळ असलेला भोपळा मिळाला आणि दिवा त्यात गेला. गावोगावच्या सार्वजनिक भोपळा प्रदर्शनांची परंपराही जुनी आहे. ओहायो राज्यातील सर्कलव्हिलचा ‘पंपकिन शो’ १९०३ पासूनचा. इलिनॉयमधील मॉर्टन गावाचा महोत्सव १९६७ मध्ये सुरू झाला. या गावात लिबीज कंपनीचा भोपळ्याचा गर डबाबंद करणारा मोठा कारखाना आहे आणि गाव स्वतःला ‘जगाची भोपळा राजधानी’ म्हणवते.

हे सारे गावाच्या चौकातले किंवा हमरस्त्यावरचे उत्सव होते. उत्सव शेतावर आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मोटारी घरोघरी आल्या, शहरे पसरत शेतांच्या बांधापर्यंत पोचली आणि लहान शेतकऱ्याला घाऊक बाजारात मिळणारा भाव परवडेना. भोपळा जड, वाहतुकीला महाग आणि किलोमागे स्वस्त. तो तोडून बाजारात नेण्यापेक्षा गिऱ्हाइकालाच शेतात आणणे फायद्याचे होते. ‘स्वतः तोडा, स्वतः न्या’ ही पद्धत स्ट्रॉबेरी आणि सफरचंदात रुळली होतीच. भोपळ्याला तर तोडणीची घाई नाही, फळ नाजूक नाही, आणि तीन वर्षांचे मूलही त्यात भाग घेऊ शकते.

पिकाचा हंगाम

कोरण्यासाठी लागणारे भोपळे बहुधा ‘कुकुर्बिटा पेपो’ या जातीचे असतात. मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी जॉन हाउडन यांनी निवडीतून तयार केलेला ‘हाउडन’ वाण या बाजारात फार चालला. ठसठशीत फाका, गडद नारिंगी साल आणि मुठीत धरता येईल असा जाड हिरवा देठ ही त्याची लक्षणे. पीक ९० ते १२० दिवसांचे असल्याने पेरणी मेअखेर ते जूनच्या मध्यात होते. लवकर पेरले तर भोपळे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पिकून ऑक्टोबरपर्यंत सडू लागतात, उशीर झाला तर हिरवे असतानाच थंडी गाठते. त्यामुळे पेरणीची तारीख हॅलोवीनपासून मागे मोजत ठरवतात.

भोपळ्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. मादीफुलाला तेवढ्या वेळातच पराग मिळावा लागतो. हे काम मधमाश्या, भुंगे आणि भोपळवर्गीय फुलांवरच जगणारी एक खास मधमाशी करते. ही मधमाशी शेतातच जमिनीखाली घरटे करते, म्हणून खोल नांगरटीने तिचे नुकसान होते. ओल्या वर्षी फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने फळे कुजतात आणि हंगामाच्या शेवटी भुरी रोगाने पाने पांढरी पडून वाळतात. पाने गळली की भोपळे उघडे पडतात आणि शेत एकदम नारिंगी दिसू लागते. पाहुण्यांना भुरळ घालणाऱ्या या दृश्यात रोगाचाही वाटा असतो, हे शेतकऱ्याखेरीज कुणाला फारसे ठाऊक नसते. २०११ मध्ये ऑगस्टअखेरीस आलेल्या आयरीन वादळाने ईशान्येकडील राज्यांत नदीकाठची भोपळ्याची शेते वाहून गेली आणि त्या वर्षी भोपळ्यांची टंचाई झाली.

दिवसाचा क्रम

शेतावर पोचल्यावर तिकीट काढायचे किंवा हातावर पट्टी बांधून घ्यायची. मग ट्रॅक्टरमागे जोडलेली उघडी गाडी येते. बसायला पेंढ्याचे गठ्ठे असतात. ही ‘हेराइड’ शेताच्या कडेकडेने हिसके देत मळ्यापर्यंत नेऊन सोडते.

भोपळा निवडणे हा दिवसाचा गाभा. मुले सुरुवातीला दिसेल त्या पहिल्या भोपळ्याला मिठी मारतात, दहा पावलांवर त्याहून मोठा दिसला की तिकडे धावतात, आणि अर्ध्या तासाने बहुतेक वेळा स्वतःला न उचलणाऱ्या भोपळ्यावर अडून बसतात. जाणती माणसे तीन गोष्टी पाहतात. अंगठ्याचे नख सालीवर दाबावे. खूण उमटली नाही तर फळ पक्के. खालची, जमिनीला टेकलेली बाजू उलटून पाहावी. तिथला फिकट डाग चालतो, पण बोट रुतणारा मऊ ठिपका नको. तिसरी गोष्ट देठाची. तो शाबूत हवा, कारण देठ तुटलेल्या जागेतून कूज आत शिरते. म्हणूनच भोपळा देठाला धरून उचलू नका, असे सांगणारी पाटी जवळपास प्रत्येक मळ्यात असते. वेलावर आणि देठावर बारीक काटेरी लव असते, ती हाताला चांगलीच खुपते. निवडलेला भोपळा ढकलगाडीतून काट्यावर येतो आणि वजनावर किंवा आकारावर पैसे घेतले जातात. सगळेच भोपळे वेलाला लागलेले असतील असे मात्र नाही. गर्दीच्या शेतांवर आधी तोडलेले, कधी दुसऱ्या शेतातून आणलेले भोपळे मळ्यात मांडून ठेवतात. वेलावरचा भोपळा कात्रीने स्वतः कापण्यातली मजा त्यात नाही, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करणे बरे.

लहानग्यांचे सर्वांत आवडते ठिकाण बहुधा मक्याच्या दाण्यांचा हौद असते. वाळूऐवजी कमरेइतके सुके दाणे, त्यात फावडी आणि खेळण्यातले ट्रक. मुले त्यात गळ्यापर्यंत पुरून घेतात आणि घरी परतल्यावर बुटांतून, खिशांतून, मोटारीच्या आसनांतून दाणे निघत राहतात. शेजारी हापसा मारून पन्हळीत रबरी बदके पळवण्याची शर्यत, शेळ्यांना चारा घालायचा गोठा, कुठे डुकरांच्या शर्यती, कुठे मोठ्या गलोलीतून भोपळे भिरकावण्याची सोय. खाण्यात गढूळसर, न गाळलेला सफरचंदाचा रस, त्याच रसात मळलेले गरम डोनट आणि साखर-मीठ लावून मोठ्या कढईत फोडलेल्या लाह्या. गोठ्याजवळ हात धुण्याची सोय बारकाईने पाहावी. जनावरांपासून मुलांना ई. कोलाय जिवाणूचा संसर्ग झाल्याच्या घटना अशा ठिकाणी घडल्या आहेत, आणि नळ व साबण नसलेल्या शेतावर मुलांना चारा घालू देऊ नये.

मक्याचा भूलभुलैया

आज महोत्सवाशी घट्ट जोडलेला हा भाग प्रत्यक्षात तरुण आहे. अमेरिकेतील पहिला आधुनिक मका-भूलभुलैया १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ॲनव्हिल येथे झाला. डॉन फ्रांट्झ यांची ती कल्पना होती, आराखडा ब्रिटिश भूलभुलैयाकार एड्रियन फिशर यांचा, आणि वरून पाहिल्यावर डायनोसॉर दिसत असे. नंतर ही पद्धत देशभर पसरली. मका नेहमीपेक्षा उशिरा आणि दाट, बहुधा आडवा-उभा दोन्ही दिशांनी पेरतात, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत तो उभा राहतो आणि ताटांमधून पलीकडचे दिसत नाही. रोपे गुडघ्याइतकी असतानाच वाटा कापून घेतात. पूर्वी कागदावर चौकटी आखून आणि शेतात झेंडे रोवून हे काम चाले, आता उपग्रहाच्या साहाय्याने ट्रॅक्टरच वाटा पाडतो. कॅलिफोर्नियातील डिक्सन येथील कूल पॅच पंपकिन्स या शेताने २०१४ मध्ये ६० एकरांचा भूलभुलैया करून गिनेस विक्रम नोंदवला. एवढ्या मोठ्या शेतात वाट चुकलेल्यांनी आपत्कालीन क्रमांकावर फोन केल्याचेही घडले आहे. लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी, छोटी वाट असते.

हाफ मून बे

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिक किनाऱ्यावर वसलेल्या या गावात शेतावरचा आणि गावातला असे दोन्ही उत्सव एकत्र पाहायला मिळतात. गावातील मेन स्ट्रीटवरचा कला व भोपळा महोत्सव १९७१ मध्ये सुरू झाला आणि भोपळा वजनस्पर्धा १९७४ पासून होते. आजूबाजूच्या शेतांवर महिनाभर मळे खुले असतात. बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतालच्या शहरांतील, असंख्य मराठी कुटुंबे ऑक्टोबरात इथे येतात. डोंगरातून येणाऱ्या हायवे ९२ वर शनिवारी तासन्‌तास कोंडी होते, तेव्हा सकाळी लवकर निघणेच शहाणपणाचे. नवरात्र-दसरा याच सुमारास असतो. भारतातून आलेले आजी-आजोबा, पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसवलेली नातवंडे आणि मागे नारिंगी शेत हा फोटो इथल्या बऱ्याच मराठी घरांत सापडेल.

वजनस्पर्धेतले भोपळे ‘कुकुर्बिटा मॅक्झिमा’ जातीचे असून ‘अटलांटिक जायंट’ वाणातून येतात. हा वाण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसरचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी विकसित केला. वेलावर एकच फळ ठेवून बाकीची खुडतात, फळावर सावली धरतात. भराच्या दिवसांत ते रोज २० किलोंहून अधिक वाढू शकते. आतल्या पोकळीपर्यंत भेग गेली तर फळ स्पर्धेतून बाद होते, म्हणून शेवटच्या आठवड्यांत शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. २०२३ मध्ये मिनेसोटाचे बागकामाचे शिक्षक ट्रॅव्हिस गिएंगर यांच्या १,२४७ किलोंच्या भोपळ्याने इथे जागतिक विक्रम केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील इयन व स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांनी १,२७८.८ किलोंच्या भोपळ्याने तो मोडला. विंडसरमध्ये तर असे अजस्र भोपळे पोखरून त्यांची होडी करण्याची आणि तळ्यात वल्हवत शर्यत लावण्याची प्रथा पडली. ही शर्यत १९९९ मध्ये सुरू झाली.

अर्थकारण

अमेरिकी कृषी गणनेनुसार २०१७ मध्ये शेतकऱ्यांना कृषी पर्यटनातून सुमारे ९५ कोटी डॉलर मिळाले. त्यात भोपळा हंगामाचा वाटा मोठा मानला जातो. पण उत्पन्न हवामानावर टांगलेले असते: ऑक्टोबरातले दोन शनिवार पावसात गेले की पीक उत्तम येऊनही वर्ष बुडते. विम्याचा खर्च मोठा असतो. अनेक राज्यांनी शेतावरच्या स्वाभाविक धोक्यांबाबत शेतकऱ्याची जबाबदारी मर्यादित करणारे कायदे केले आहेत, त्यांची सूचना दारातल्या फलकावर असते. महाराष्ट्रातील हुरडा पार्टीशी याचे नाते जवळचे आहे: तिथेही पीक थोडे आणि शेतावरचा दिवस मोठा. महाराष्ट्रातल्या कृषी पर्यटन केंद्रांनी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मुलांना पाहुणा न ठेवता काम देणे. तोडणे, ओढणे, वजन करणे हे सारे भोपळ्याच्या शेतावर मूलच करते.

नंतरचा भोपळा

अख्खा भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने टिकतो. कोरल्यावर मात्र आठवडाभरात मऊ पडून बुरशी धरतो, त्यामुळे हॅलोवीनच्या तीन-चार दिवस आधीच कोरावा. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजल्या तर चांगल्या लागतात. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि दोरेदार असतो. त्याचे घारगे नीट होत नाहीत, पीठ सैल पडते आणि गोडी कमी येते. घारग्यांना किंवा भरताला त्याच शेतावरचा लहान ‘शुगर पंपकिन’ घ्यावा, किंवा ‘बटरनट’ घ्यावा. बटरनट ‘कुकुर्बिटा मोशाटा’ जातीचा, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक तांबड्या भोपळ्यांचा सख्खा भाऊ.

नोव्हेंबर लागताच लाखो भोपळे कचऱ्यात जातात आणि कचराभूमीत कुजून मिथेन सोडतात. अलीकडे बऱ्याच गावांत ते गोळा करून खत केले जाते, काही शेते ते डुकरांसाठी आणि शेळ्यांसाठी परत घेतात. त्यासाठी मेणबत्ती आणि चिकटपट्टी काढून द्यावी लागते, आणि रंगवलेले भोपळे जनावरांना घालत नाहीत.