बुडू न दिलेल्या गिरण्या

व्होडाफोन आयडिया या मोबाइल कंपनीने सरकारला द्यायच्या थकबाकीचं शेअरमध्ये रूपांतर करून सरकार तिचं भागीदार झालं, तेव्हा बुडत्या कंपनीला सरकारने हात द्यावा का, हा वाद पुन्हा पेटला. महाराष्ट्रात तो फार जुना आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याने 1958 मध्येच कायदा करून ठेवला होता. बेकारी टाळण्यासाठी एखादा कारखाना ‘रिलीफ अंडरटेकिंग’ जाहीर झाला, की त्याची देणी आणि त्याच्यावरचे दावे काही काळ थांबवता येत.

खरा कस लागला तो कापड गिरण्यांमध्ये. बऱ्याच मालकांनी तेजीतला नफा काढून घेतला, यंत्रं मात्र जुनीच ठेवली. दुसरीकडे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढू लागले. आजारी गिरण्या चालवण्यासाठी केंद्राने 1968 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे एनटीसी, काढलं. 1974 मध्ये देशभरातल्या 103 गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्यानंतर 1983 मध्ये मुंबईतल्या आणखी 13 गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला.

दरम्यान बंद करण्याची वाटही अरुंद झाली होती. औद्योगिक विवाद कायद्यातल्या 1976 च्या दुरुस्तीने 300 किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागू लागली, पुढे ही मर्यादा 100 वर आली. हेतू कामगार वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात काही मालकांनी परवानगी मागितलीच नाही. विजेचं बिल थकवायचं, वीज तुटली की फाटकाला कुलूप! कागदोपत्री गिरणी चालू आणि कामगाराची ग्रॅच्युइटी अडकलेली.

1985 च्या आजारी उद्योग कायद्याने बीआयएफआर, म्हणजे आजारी कंपन्यांच्या पुनर्रचनेचं मंडळ, आलं. प्रकरण तिथे दाखल झालं की वसुली थांबे, त्यामुळे बुडव्या प्रवर्तकांना आयताच आडोसा मिळाला. सगळ्यात बोलकी गोष्ट ही, की इतरांना वाचवायला काढलेल्या एनटीसीच्या बहुतेक उपकंपन्याच नव्वदच्या दशकात बीआयएफआरकडे गेल्या.

तोवर गिरण्यांपेक्षा त्यांच्या जमिनीला भाव आला होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने जमिनीचे तीन वाटे केले: महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, म्हणजे बांधकामाखालची जमीन मालकाकडेच राहिली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. माझ्या मते सरकारी मदतीचा सर्वात मोठा हप्ता हाच. तो तिजोरीतून गेला नाही, म्हणून त्याला कुणी ‘बेलआउट’ म्हटलं नाही एवढंच.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने गणित उलटवलं. ठरलेल्या मुदतीत खरेदीदार मिळाला नाही तर कंपनी अवसायनात जाते, म्हणजे मालमत्ता विकून तिचा कारभार गुंडाळला जातो. एस्सार स्टीलला खरेदीदार मिळाला. जेट एअरवेजसाठी मंजूर झालेली योजना मात्र तडीस गेली नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. अवसायनात कामगारांची 24 महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. गिरणगावातल्या अनेकांच्या हाती प्रत्यक्षात एवढंही पडलं नव्हतं.

एनटीसीच्या उरलेल्या गिरण्यांमध्ये बार्शीची टेक्सटाइल मिल आणि अचलपूरची फिनले मिल होत्या. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबलेली त्यांची यंत्रं पुढे कित्येक वर्षं हलली नाहीत. कामगारांची नावं मात्र हजेरीपटावर राहिली, अर्ध्या पगारावर.