आधी ओला पारा, मग पेन्सिल

नवतप्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो. मी यंत्रांचं डिझाइन करतो. नवं काम आलं की चित्र काढायला लगेच बसत नाही. निसर्गाने हद्द कुठे आखली आहे, ते आधी पाहतो.

कूलरची हद्द शोधायला एक थर्मामीटर आणि ओली चिंधी पुरते. थर्मामीटरच्या पाऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून पंख्यासमोर धरा. पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि पारा उतरतो. हवा ४५ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा ओला पारा २३ अंशांच्या आसपास थांबतो. पंखा कितीही मोठा लावा, साधा कूलर त्याखाली जात नाही. कूलरच्या जाळीतलं गवत चांगलं असलं आणि नीट भिजलं, तर या २२ अंशांतला पाऊण हिस्सा हाती लागतो आणि खोलीत २८-२९ अंशांची हवा येते. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की ओला पारा २९ वरच अडतो. पावसाळ्यातही गार करणारा कूलर मागणाऱ्याला मी हेच आकडे दाखवतो. त्याच्या गळ्यात मोठी मोटर मारणं मला पटत नाही.

टाकीचं मापही असंच ठरतं. ताशी २००० घनमीटर हवा १६ अंशांनी उतरवायची, तर सुमारे १४ लिटर पाणी उडतं. दुपारच्या पाच तासांचे झाले ७० लिटर. एवढा हिशेब पाठकोऱ्या कागदावर होतो. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचं पाणी रोज नुसतं वरून भरत राहिलं, तर गवतावर पांढरा थर चढतो आणि हवेची वाट अडते. म्हणून टाकी मधूनमधून पूर्ण रिकामी करावी लागते.

इथेच मी एकदा चुकलो. माझ्या पहिल्या कूलरला पाणी सोडायचं भोक बाजूच्या पत्र्यात, तळापासून बोटभर वर होतं. पत्रा वाकवायला तेच सोपं होतं. उरलेलं पाणी काढायला आई दर रविवारी कूलर तिरपा करून फडक्याने टिपायची. "भोक खालीच पाडता नाही आलं का रे?" तिने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असं बोटभर पाणी पुरतं. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी टिकतात, म्हणजे पाणी सोडल्यावर भिंत घासायलाही हवी.

आता माझ्या टाकीचा तळ एका कोपऱ्याकडे उतरता असतो आणि भोक त्या कोपऱ्यात, अगदी तळाला. बूच हाताने फिरतं, पान्याची गरज नाही. कोपरे गोल असतात, घासणी आतपर्यंत पोचते. ते भोक मी कागदावर सगळ्यात आधी काढतो, पंखा नंतर.