स्कॅनरवरचा कोड आणि धुरातला ऑक्सिजन

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की हल्ली अनेक जण गॅरेज गाठण्याआधी ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावतात, मोबाइलवर उमटलेला कोड इंटरनेटवर शोधतात आणि त्या कोडसमोर ज्या भागाचे नाव दिसेल तो भाग विकत आणतात. आपली गाडी आपणच दुरुस्त करण्याची ही हौस स्वागतार्ह आहे. मात्र बिघडलेल्या भागाचे नाव स्कॅनर सांगतो, हा त्यामागचा समज चुकीचा आहे आणि त्यापायी धडधाकट सेन्सर भंगारात जातात.

मुळात गाडीच्या संगणकाने बिघाड कोडच्या रूपात नोंदवण्याची ही व्यवस्था दुरुस्तीसाठी नव्हे, तर प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी आली. कॅलिफोर्निया राज्याने तिचा आग्रह धरला, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना ओबीडी-२ (या व्यवस्थेची दुसरी आवृत्ती) सक्तीचे झाले आणि भारतात वाहनांच्या प्रदूषणावरच्या बीएस-४ निकषांच्या काळात, २०१० पासून पहिला व २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. त्यामुळे १६ पिनांचे सॉकेट सगळीकडे सारखे असते आणि ‘पी०’ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थही सर्व कंपन्यांच्या गाड्यांत एकच असतो.

उदाहरणासाठी पी०१७१ हा नेहमी आढळणारा कोड घेऊ. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजे मिश्रण ‘लीन’ आहे, एवढेच तो सांगतो. हे वाचून बहुतेक जण इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन जोखणारा ऑक्सिजन सेन्सर बदलतात. पण मिश्रण लीन आहे हे ज्याने कळवले, तो सेन्सर बहुधा आपले काम चोख करत असतो.

त्याचे काम कसे चालते हे समजून घेण्यासारखे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके राखले तरच धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकाच वेळी बंदोबस्त करू शकतो. सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाचे सिरॅमिक असते. त्यात यिट्रियम ऑक्साइड मिसळल्यामुळे स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ऑक्सिजनचे आयन त्या जागांवरून सरकू लागतात. सिरॅमिकच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या दाबात फरक असला की व्होल्टेज निर्माण होते. नर्न्स्टच्या समीकरणानुसार ते त्या दोन दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर अवलंबून असते. ७०० अंशांना दहापट फरकाला जेमतेम ०.०५ व्होल्ट मिळते, त्यामुळे धुरात दोन टक्के ऑक्सिजन असेल तर सेन्सर अगदी क्षीण व्होल्टेज देतो. पण पेट्रोल किंचित जरी जास्त झाले, तरी सेन्सरवरच्या प्लॅटिनमच्या थरापाशी उरलासुरला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावून जवळजवळ नाहीसा होतो, दोन्हीकडच्या दाबांत एकावर अठरा शून्ये इतका फरक पडतो आणि व्होल्टेज एकदम ०.९ च्या आसपास उडी मारते. नेमक्या प्रमाणाच्या बिंदूवरच येणारी ही उडी रसायनशास्त्राने अभियंत्यांच्या हाती दिलेली देणगीच आहे. नव्या गाड्यांतले वाइडबँड सेन्सर वेगळे आकडे दाखवतात, तरी त्यांचा पाया हाच आहे.

या सेन्सरला पेट्रोलही दिसत नाही आणि हवाही दिसत नाही; त्याला दिसतो तो धुरात उरलेला ऑक्सिजन. तो दिसला की इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवतो. या टक्केवारीतल्या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. क्षणोक्षणी बदलणारा तो शॉर्ट टर्म आणि संगणकाने लक्षात ठेवलेला तो लाँग टर्म. दोघांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली आणि तसेच पुढच्या फेरीतही घडले, की पी०१७१ नोंदला जातो व दिवा लागतो. म्हणजे कोड उमटण्याच्या पुष्कळ आधीपासून ट्रिमचे आकडे बोलत असतात, आणि मोबाइलला जोडायचा साधा ब्लूटूथ स्कॅनरही सहसा ते आकडे दाखवतो.

ते वाचायचे असे. गाडी उघड्यावर उभी करावी, बंद जागेत कदापि नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला दोन्ही ट्रिमची बेरीज पाहावी. आयडलला ती शून्याच्या बरीच वर असेल आणि रेस दिल्यावर शून्याकडे उतरत असेल, तर मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपाशी, एखादा व्हॅक्यूम पाइप तडकला असण्याची शक्यता दाट असते. चिरेतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते; इंजिन एकूण हवा जास्त ओढू लागले की तिचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलला सगळे ठीक आणि चढावर किंवा जोरात पळवताना ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची घाण तपासावी. ज्या गाड्यांत हवेचा प्रवाह न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यांत गळतीची हवाही हिशेबात धरली जाते. तिथे ट्रिमऐवजी आयडलचा वेग वाढलेला दिसू शकतो. आणि गाडी मिसिंग करत असेल तर न पेटलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो व मिश्रण ठीक असूनही ते लीन भासते. अशा वेळी स्पार्क प्लग आणि कॉइल आधी पाहावेत.

सध्या चर्चेत असलेल्या ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचा परिणामही याच आकड्यात उमटतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला हवा कमी, सुमारे नऊपट, लागते. त्यामुळे १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जे प्रमाण सुमारे १४.१ येते, ते २० टक्क्यांसाठी सुमारे १३.५ होते. म्हणजे १० टक्क्यांच्या हिशेबाने जुळवलेल्या गाडीत ट्रिम चारेक टक्क्यांनी चढणे हा बिघाड नव्हे, साधे गणित आहे. आधीच बारीक गळती असलेल्या गाडीला मात्र हे चार टक्के मर्यादेपार नेऊ शकतात.

याच सॉकेटमध्ये खोचून मायलेज वाढवण्याचा दावा करणारी उपकरणेही विकली जातात. ती उघडून पाहणाऱ्यांना आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे फारसे काही आढळलेले नाही. मिश्रण नेमके राखण्याचे काम सेन्सर आणि संगणक अखंड करत असताना बाहेरची डबी त्यात काय सुधारणार, हा प्रश्न खरेदीआधी विचारायलाच हवा. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीइतकाच तिचा इंजिनाशी संबंध असतो.

कोड पुसण्याची घाई करू नये. पुसताना बिघाडाच्या क्षणाचा वेग, तापमान आणि इंजिनावरचा भार यांची साठवलेली नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, नाहीशी होते, आणि अनेक गाड्यांत शिकलेला लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो. त्यामुळे हे आकडे आधी लिहून घ्यावेत, मग पाइप बदलावा, मग कोड पुसावा आणि नेहमीच्या रस्त्यावर गाडी फिरवून आयडलचा ट्रिम पुन्हा पाहावा. तो शून्याच्या आसपास, पाचेक टक्क्यांच्या आत स्थिरावला तर गळती मिटली; पुन्हा चढू लागला तर दुसरी चीर शोधावी लागेल.