घरपोच ब्रशच्या वर्गणीमागचा इतिहास

दर तीन महिन्यांनी ब्रशचं नवं डोकं, सोबत पेस्ट, आणि पैसे खात्यातून आपोआप वळते. दात घासण्याची अशी वर्गणी विकणाऱ्या कंपन्यांमध्ये ठळक नाव अमेरिकेतल्या क्विपचं. ती २०१५ मध्ये बाजारात आली. त्याआधी, २०११ मध्ये, डॉलर शेव्ह क्लबने दाढीची पाती दरमहा घरी पाठवून मधला दुकानदार वगळून दाखवला होता. २०१६ मध्ये युनिलिव्हरने तो क्लब विकत घेतला आणि या धंद्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

तीन महिन्यांचा हिशेब मात्र जुना आहे. १९३८ पर्यंत ब्रशला डुकराचे राठ केस असत. त्या वर्षी अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश आला. नायलॉनही झिजतं, टोकं फाकतात, म्हणून दंतवैद्य तीन-चार महिन्यांनी ब्रश बदला म्हणतात. ऐकतं कोण? आपल्याकडे फाकलेला ब्रशही टाकवत नाही. आधी त्याने फणी साफ होते, मग सोन्याची साखळी. माझ्या मते या कंपन्या खरं तर ब्रश बदलायची तारीखच विकतात, आणि ती विकत घेण्यासारखी आहे.

गोव्यात ही गोष्ट आंब्याच्या पानापासून सुरू होते. पान उभं दुमडायचं, मधली शीर काढायची, घडी दातांवर घासायची आणि शेवटी त्याच शिरेने जीभ खरवडायची. खर्च शून्य, अंगणातलं झाड पुरे. पुढे पावडर आणि पेस्ट आली. आज कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कोलगेटचा कारखाना आहे. आज बांबोळीला असलेलं दंत महाविद्यालय १९८० मध्ये निघालं आणि दातांच्या उपचारांचं शिक्षण गोव्यातच मिळू लागलं.

या इतिहासातला सगळ्यात वाईट धडा तपकिरीच्या पेस्टचा. तंबाखू घातलेली पेस्ट नेहमीच्या पेस्टसारख्याच ट्यूबमध्ये, दात घासायची वस्तू म्हणून विकली जायची. बायका बोटावर घेऊन ती हिरड्यांना लावायच्या, बराच वेळ तोंडात धरायच्या, आणि शाळेतल्या पोरांनाही तिची सवय लागायची. तोंड स्वच्छ ठेवायच्या नावाखाली तंबाखूचं व्यसन घरात शिरलं, तेही न्हाणीघराच्या वाटेने. टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. गोव्यात कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखूविरुद्ध नेटाने चळवळ चालवली. १९९७ मध्ये धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध राज्याचा कायदा झाला, २००५ मध्ये गुटखाबंदी. म्हणून दात पांढरेशुभ्र करून देण्याचा दावा करणारी कुठलीही नवी ट्यूब दारात आली, की आत काय आहे ते गोंयकाराने आधी वाचलंच पाहिजे. कायद्याच्या लेखी साधी टूथपेस्ट हे सौंदर्यप्रसाधन आहे, औषध नव्हे.

घरपोच वस्तू आपल्याला नवी नाही. पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत रोज पाव घेऊन येतो आणि महिन्याचा हिशेब तोंडी होतो. पाव नको असेल तर दारातूनच 'फाल्यां नाका' (उद्या नको) म्हटलं की झालं. वर्गणीत हे 'नाका' कुठं म्हणायचं, तेच पुष्कळदा सापडत नाही. युपीआयवरून आपोआप पैसे वळते होण्याची सोय २०२० मध्ये आली, तिने असा धंदा भारतात सोपा केला. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कडक नियम लागू झाले: कार्डावरून असे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला कळवायचं, आणि ती परवानगी त्याला मागे घेता आली पाहिजे. गोव्याच्या पेडणे-सत्तरी तालुक्यांतली म्हातारी माणसं, ज्यांच्या मोबाइलवर मुंबईतला मुलगा ही वर्गणी सुरू करून देतो, त्यांना हा निरोप मराठीत किंवा कोंकणीत यायला हवा.