‘विज्ञान’ हा शब्द आधी कोणाचा?

गीतेच्या सातव्या अध्यायाचं नाव ‘ज्ञानविज्ञानयोग’. आजच्या वाचकाला वाटतं, इथे अध्यात्म आणि सायन्सची सांगड घातलेली असणार. तसं काही तिथे नाही. पण मग त्या नावातलं ‘विज्ञान’ म्हणजे काय, यावर जुन्या पंडितांचंही एकमत नव्हतं.

शंकराचार्यांच्या लेखी ज्ञान म्हणजे शास्त्र आणि आचार्य यांच्याकडून मिळालेला बोध, तर विज्ञान म्हणजे त्याच गोष्टीचा स्वतःला आलेला अनुभव. म्हणजे विज्ञान ही ज्ञानाच्या पुढची पायरी. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश नेमकं उलट सांगतो: ‘मोक्षे धीर्ज्ञानमन्यत्र विज्ञानं शिल्पशास्त्रयोः’. मोक्षाकडे वळलेली बुद्धी ते ज्ञान. कलाकौशल्य आणि इतर शास्त्रं यांत चालणारी बुद्धी ते विज्ञान. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये मराठीत गीता उलगडली, तेव्हा त्यांचा कौल याच दुसऱ्या अर्थाला पडला. तर्क जिथे पोचत नाही ते ज्ञान, आणि ‘येर प्रपंचु हें विज्ञान’. लगोलग त्यांनी तिसरा शब्दही जोडून दिला: त्या प्रपंचालाच सत्य मानणं हे अज्ञान.

पुढे युरोपातली नवी विद्या इथे आली, तेव्हा तिला नाव देताना ‘विज्ञान’ हाताशी होताच. मराठीत मात्र ‘शास्त्र’ हा शब्दही तितकाच रुळला. म्हणून आपल्याकडे रसायनशास्त्र आणि धर्मशास्त्र यांची शेपटी एकच, आणि हिंदीत ज्याला वैज्ञानिक म्हणतात तो मराठीत शास्त्रज्ञ. एखाद्या रूढीचं कारण विचारलं की ‘शास्त्र असतं ते’ हे उत्तर मिळतं, त्यातली गंमतही इथूनच आलेली. एकाच शब्दात आज्ञाही बसते आणि प्रयोगही.

दोन प्रकारच्या जाणण्यात फरक आहे, हा विचार याहून पुष्कळ जुना. मुंडकोपनिषदात शौनक अंगिरस ऋषींना विचारतो, की काय जाणलं म्हणजे हे सगळंच जाणलं जातं? उत्तरात दोन विद्या येतात, परा आणि अपरा. अपरेच्या यादीत व्याकरण, छंद, ज्योतिष आहे हे ठीकच. पण त्या यादीची सुरुवात चार वेदांपासून होते. ग्रंथातलं सगळं, अगदी वेदसुद्धा, खालच्या खणात. ज्याने ते अक्षर, म्हणजे अविनाशी, तत्त्व कळतं तेवढीच परा. ग्रंथालाच अंतिम मानणाऱ्यांना हे वाक्य नेहमीच अडचणीचं गेलं असणार.

मग ग्रंथ आणि डोळे यांचं पटलं नाही तर? हा प्रश्न इथल्या दर्शनांनी ‘प्रमाण’, म्हणजे खरं ज्ञान मिळण्याचं साधन, या शब्दाखाली भरपूर चघळला. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानत. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द (विश्वासार्ह वचन) अशी चार प्रमाणं धरत. श्रुतीचा, म्हणजे वेदवचनाचा, कट्टर कैवारी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्या शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात लिहून ठेवलंय, की अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही असं शंभर श्रुतिवचनांनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. श्रुतीचा अधिकार आहे, पण इंद्रियांना जे कळूच शकत नाही तेवढ्यापुरता. आगीबद्दल आगीलाच विचारायचं.

तत्त्व म्हणून हे चोख. व्यवहारात मात्र ते पाळायला जड गेलं, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा ग्रहणात सापडतो. आर्यभटाने ४९९ मध्ये लिहिलं, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. वराहमिहिरानेही राहूची गोष्ट बाजूला सारून सावलीचंच कारण दिलं. ब्रह्मगुप्त हा त्यांच्यापेक्षा कमी प्रतीचा गणिती नव्हता, उलट काही बाबतींत सरसच. पण ६२८ च्या आपल्या ग्रंथात ग्रहणाचं गणित सावलीवरून करत असतानाच त्याने राहू नाकारणाऱ्यांना वेद-स्मृतींचा दाखला देऊन दटावलं. पुढे चारशे वर्षांनी, भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बिरुनी या विद्वानाने नेमकं यावरच बोट ठेवलं: एवढा जाणता माणूस असं का लिहितो?

आर्यभटाच्या दुसऱ्या विधानाचं याहून वाईट झालं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असं सांगणाऱ्या त्याच्या ओळीत ‘भूः’ असा शब्द होता. नंतरच्या काही टीकाकारांनी तिथे ‘भं’ असा पाठ घेतला, म्हणजे फिरतं ते नक्षत्रमंडळ. एका अक्षराने पृथ्वी थांबवली! ब्रह्मगुप्ताने निदान सरळ सवाल केला होता, की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत? हा आक्षेप धर्माचा नव्हता, त्या काळच्या भौतिकीचा होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर तेव्हा कुणाजवळच नव्हतं. या इतिहासात कुठला विरोध श्रद्धेतून आला आणि कुठला प्रामाणिक शंकेतून, हे वेगळं करून पाहिलं नाही तर सगळंच एका रंगाचं दिसतं.

युरोपातली कहाणी सगळ्यांना माहीत असते, निदान तसं वाटतं. १६१५ मध्ये गॅलिलिओने टस्कनीच्या ग्रँड डचेस क्रिस्टिना यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात त्याने कार्डिनल बॅरोनियसच्या तोंडचं म्हणून मानलं जाणारं एक वाक्य वापरलं: स्वर्गात कसं जायचं हे पवित्र आत्मा शिकवतो, आकाश कसं चालतं हे नव्हे. शंकराचार्यांच्या थंड अग्नीशेजारी हे वाक्य ठेवून पाहावं. दोघांची भाषा, देव, शतकं वेगळी. वाटणी मात्र जवळपास तीच. तरी १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झालीच, आणि त्या प्रकरणात चूक झाल्याचं पोपकडून जाहीरपणे मान्य व्हायला १९९२ उजाडलं. दुसरीकडे न्यूटन गतीचे नियम मांडता मांडता बायबलमधल्या भविष्यकथनांवर आणि किमयेवर (हलक्या धातूचं सोनं करण्याच्या विद्येवर) हजारो पानं लिहीत होता. त्याला यात दोन घोड्यांवर बसल्यासारखं वाटत नव्हतं.

‘विज्ञान विरुद्ध धर्म’ हे युद्ध अनादी काळापासून चालू आहे, ही समजूत मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. १८७४ मध्ये जॉन विल्यम ड्रेपरने धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहासच लिहिला आणि तो अनेक भाषांत गेला. आजचे इतिहासकार हे चित्र फार ढोबळ मानतात.

आपल्याकडचा दुसऱ्या टोकाचा दावा, म्हणजे ‘हे सगळं ग्रंथांत आधीच होतं’, तोही त्याच सुमाराचा. १८७० च्या दशकात स्वामी दयानंदांनी वेदभाष्याच्या आपल्या प्रस्तावना-ग्रंथात विमानविद्या आणि तारविद्या (तारायंत्राची विद्या) यांच्यावर प्रकरणं लिहिली. ही प्रकरणं लिहिली गेली तेव्हा तारायंत्र देशभर पसरलेलं होतं आणि राज्य परक्यांचं होतं, हे विसरून त्यांच्याकडे पाहणं अन्यायाचं होईल. पण परंपरेच्या अंगाने पाहिलं तर हा उलटा प्रवास आहे. मुंडकाने वेदांना अपरेत टाकलं ते परेची थोरवी सांगायला. आता वेदांची थोरवी सांगायला अपरेचं प्रमाणपत्र लागू लागलं.

जगदीशचंद्र बोस या पेचात मधोमध उभे दिसतात. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी स्नायू, वनस्पती आणि धातू यांच्या विद्युत प्रतिसादांचे आलेख एकापुढे एक दाखवले आणि शेवटी गंगेकाठच्या पूर्वजांनी सांगितलेल्या एकत्वाचा उल्लेख केला. शरीरशास्त्रज्ञांना ते रुचलं नाही. वनस्पतींत विद्युत संकेत असतात, हा भाग पुढे टिकला. धातूंचं सजीवांशी नातं टिकलं नाही. एकत्वाची भावना दोन्हींच्या मागे सारखीच होती. कुठला आलेख टिकेल, हे ती ठरवू शकली नाही.

१४ जुलै १९३० ला बर्लिनजवळच्या कापुथ गावी आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ टागोर भेटले, तेव्हा भूमिका अदलाबदल झाल्यासारख्या दिसतात. सत्य माणसाच्या जाणिवेबाहेर असू शकत नाही, असं कवीचं म्हणणं. ते माणसाशिवायही असतं, हे मला सिद्ध करता येत नाही, पण माझी तशी श्रद्धा आहे, असं शास्त्रज्ञाचं. मग तुमच्यापेक्षा मीच अधिक धार्मिक, असं आइन्स्टाइन म्हणाले. क्वांटम भौतिकीतल्या श्रोडिंगरनेही उपनिषदांतल्या आत्मा-ब्रह्म ऐक्याबद्दल आदराने लिहिलंय. त्याचं समीकरण मात्र वेदान्त न मानणाऱ्यालाही तेच उत्तर देतं.

मला या सगळ्यात सर्वांत पटणारं काम अशा वादांपासून दूर झालेलं दिसतं. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. योगक्रिया चालू असताना क्ष-किरणांनी आत काय दिसतं, उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटातला दाब किती उतरतो, हे त्यांनी मोजून छापलं. स्वतः साधक असूनही त्यांनी आकडे मोक्षाच्या बाजूने साक्षीला उभे केले नाहीत. दाब इतका उतरला, एवढंच.

हीच पद्धत पुढे हृदय थांबवण्याच्या दाव्याला लावली गेली. वेंगर, बागची आणि आनंद या तिघा संशोधकांनी भारतात फिरून असा दावा असलेल्या योग्यांवर यंत्रं लावली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. श्वास कोंडून, छातीचे नि पोटाचे स्नायू आवळून योगी बसत. मनगटावरची नाडी हाताला लागेनाशी होई, स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येईनासे होत. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय चालूच असे. त्याच वर्षी आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूलहरींची नोंदही प्रसिद्ध केली. एरवी आवाज, उजेड किंवा चटका यांनी मोडणारी अल्फा लय, म्हणजे शांत जागेपणी दिसणारी मेंदूलहर, समाधीत मोडत नव्हती. तेव्हा त्या योग्यांना आत काय जाणवत होतं, हे विचारायला यंत्राला जागा नव्हती. ते त्यांनाच विचारावं लागलं असतं.